रिकाम्या हातानं वर जायचं नाही

आमच्या पायऱ्यांना नाव होतं, पण ते पोस्टमनला ठाऊक. आम्ही नुसतं 'पायऱ्या' म्हणायचो. वेलिंग्टनच्या त्या टेकडीवर खालच्या रस्त्यापासून पार वरच्या घरापर्यंत जायला दुसरी वाटच नव्हती. पियानो असो नाहीतर नुकती बाळंत झालेली बाई, सगळं पायऱ्यांनीच वर जायचं. आणि बरोब्बर मधल्या वळणावर थेल्मा पॉकॉकचं पिवळं घर. आम्ही पोरं तिला थेल्मामावशी म्हणायचो. तिच्या खिडकीला चुकवून वर किंवा खाली जाणं कधी कुणालाही जमलं नाही.

मावशीचा नवरा गोदीत कामाला होता, तो लवकर गेला. ती घरी शिवणकाम करायची. मशीन खिडकीला लावलेलं, त्यामुळे पाय मशीनवर आणि डोळे पायऱ्यांवर. उंचीनं बेताची, पण आवाज असा की वरच्या घरातलं मांजरही दचकावं.

पायऱ्यांच्या तळाशी छीबाभाईंचं भाजीचं दुकान. दुकानाबाहेर एक लाकडी खोकं ठेवलेलं असायचं. वरच्या घरांचं सामान त्यात पडायचं: पाव, बटाटे, औषधाची बाटली, चांभाराकडून आलेले बूट. जो कुणी वर निघेल त्यानं त्यातलं काहीतरी उचलायचं आणि ज्याचं त्याच्या दारात द्यायचं. रिकाम्या हातानं वर जायचं नाही, हा आमच्याकडचा खरा धर्म. चर्चला दांडी मारली तर पाद्रीबाबा माफ करायचे. खोक्याला दांडी मारली तर मावशी करायची नाही.

"काय गं ए, हात शाळेत विसरलीस का?" खिडकीतून आवाज यायचा.

"मावशी, खोकं रिकामं होतं."

"मग माझ्याकडचं घेऊन जा. हे डूलीला दे."

डूली म्हणजे सगळ्यात वरच्या घरातला म्हातारा. पूर्वी ट्राम चालवायचा. बायको गेल्यापासून त्यानं माणसांशी बोलणंच टाकलं होतं. पडदे ओढलेले, दाराशी गवत माजलेलं. त्यानं कधी काही मागवलेलं नसायचं, पण मावशी रोज काहीतरी पाठवायची. कधी घरी भाजलेले दोन स्कोन, कधी नुसती सुतळी. त्या दिवशी तिनं माझ्या हातात एक कांदा ठेवला. एकच.

डूलीनं दार बोटभर उघडलं. "मी कांदा मागवला नव्हता."

"मावशीनं दिलाय."

"मग मावशीलाच नेऊन दे."

मी कांदा खाली आणला. मावशीनं तो तसाच पुढच्या माणसाबरोबर वर पाठवला. डूलीनं पुन्हा खाली धाडला. आठवडाभर तो कांदा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पायऱ्या चढला-उतरला. पैजा लागल्या. छीबाभाई रोज गिऱ्हाइकांना विचारायचे, "आज कुठे मुक्काम?" शेवटी एका सकाळी डूली स्वतःच कांदा मुठीत धरून ताडताड खाली आला. आम्ही सगळे कुंपणाला चिकटून उभे.

"बाई, तू मला भिकारी समजतेस का?"

"छे," मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "कंजूस समजते. आठवडाभर कांदा हातात होता, पण चिरवला नाही. आलाच आहेस तर बस, चहा टाकलाय. आणि तो दे इकडे, कोंब फुटायला लागला त्याला."

डूली बसला. त्यानंतर रोज बसायला लागला. आमच्यासमोर ते दोघं फक्त भांडायचे. त्यांचं लग्नबिग्न काही झालं नाही. पण डूलीच्या घराचे पडदे उघडले ते उघडले.

हल्ली पालिकेच्या सभेत तरणीताठी पोरं रंगीत नकाशे घेऊन येतात. इथे बाक, इथे झाड, इथे दिवा, म्हणजे माणसं चालतील, भेटतील, वस्ती जिवंत होईल. ठेवा बापांनो, बाक ठेवा, माझे गुडघे तुम्हाला दुवा देतील. पण बाकावर बसलेल्याला "काय रे, तोंड का उतरलंय?" असं विचारणारं माणूस कुठून आणणार? मी हे सभेत बोलले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुढचा नकाशा लावला.

आमचं बिघडलं ते वरच्या अंगानं रस्ता आला तेव्हा. सगळ्यांना आनंद झाला, आणि का होऊ नये? कोळशाची पोती पाठीवर वाहिलेल्याला विचारा. बघता बघता घरांची मागची दारं पुढची झाली, गाड्या आल्या, गाड्यांना घरं आली. खोकं आधी अर्धं भरायचं, मग कधीमधी. छीबाभाईंनी दुकान विकलं. डूली गेला. पायऱ्यांवर शेवाळ धरलं, लाकडी कठडा कुजला. मधल्या वळणावरच्या मावशीच्या घराला मात्र ना वरचा रस्ता लागत होता, ना खालचा. तिच्यासाठी पायऱ्या म्हणजे पायऱ्याच.

मग पाटी लागली. कठडा धोक्याचा झाला आहे. पायऱ्या वापरात असतील तर दुरुस्त करू, नसतील तर बंद करू. पालिकेचा माणूस बुधवारी सकाळी पाहणीला येणार होता. बंद झाल्या तर मावशीला घर सोडून शहराबाहेरच्या सपाट हट खोऱ्यात लेकीकडे, ग्लेनिसकडे जावं लागणार होतं. ग्लेनिसनं खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती.

"मी मेल्यावर सपाट जमिनीत झोपणारच आहे," मावशी म्हणाली. "आत्तापासून सवय कशाला?"

मी तेव्हा माझी पोरंबाळं घेऊन पायऱ्यांवरच्या सगळ्यात खालच्या घरात राहत होते. मी दारोदार फिरले. बुधवारी सगळ्यांनी गाड्या सोडून पायऱ्यांवर यायचं, आणि तो माणूस असेपर्यंत नुसतं वर-खाली करायचं. मावशीला सांगायचं नाही, ती असलं सोंग खपवून घेणार नाही. सगळे हो म्हणाले, आणि नवल म्हणजे सगळे आलेही.

पण झालं काय, की ही माणसं कित्येक वर्षं एकमेकांना फक्त काचेतून बघत होती. वरून एक बाई उतरली, खालून तिची जुनी वर्गमैत्रीण चढली, आणि दोघी तिथंच थांबल्या. "अगं, तू? केस कधी कापलेस?" त्यांच्यामागचा थांबला, त्याला कुणीतरी वडिलांचं विचारलं. पाचेक मिनिटांत पायऱ्या गच्च भरल्या आणि एकही माणूस जागचा हलेना. मी दात-ओठ खात हळूच सांगत होते, "चाला रे, चाला!" ऐकतंय कोण.

पालिकेचा माणूस खाली येऊन उभा राहिला. हातात फळी, फळीला कागद. "इथे कुणी चालत नाहीये," तो म्हणाला.



तेवढ्यात वळणावरून आवाज आला. "ए टायवाल्या! हात रिकामे घेऊन कुठं निघालास?" मावशी दारात, कमरेवर हात. "माझ्या दारातला हा कोबी उचल, वरच्या घरी पोचव. तिथली पोरगी काल दवाखान्यातून आलीय. आणि तुम्ही बाकीचे, भिंतीला लागा, पाव्हण्याला वाट द्या!"

तो बिचारा कोबी घेऊन चढला. वाटेत प्रत्येकानं त्याला थांबवून काहीतरी सांगितलं. उतरताना त्याच्या हातात पत्रं होती टपालात टाकायला, आणि तोंडात केक. पायऱ्या दुरुस्त करायचा हुकूम निघाला.

आम्ही जिंकलो. आणि तरी मावशी हरली, हे मला आजही गिळवत नाही. काम काढलं त्या पावसाळ्यात टेकडीचा एक कोपराच सरकला, आणि दुरुस्ती लांबली ती लांबलीच. वाट बंद, म्हणून ग्लेनिस मावशीला 'थोड्या दिवसांसाठी' घेऊन गेली. पायऱ्या उघडल्या तेव्हा तिच्या गुडघ्यानं राजीनामा दिला होता. पिवळं घर विकलं गेलं.

मी तिला भेटायला गेले. ग्लेनिसचं घर छान होतं, खोटं का बोला. रुंद रस्ता, कापलेली हिरवळ, प्रत्येक दारात गाडी. स्टेशनपासून चालत गेले तर वाटेत माझी दखल फक्त एका कुत्र्यानं घेतली. मावशी फाटकाशी उभी होती. हातात कागदी पिशवी, पिशवीत परसातल्या झाडाचे फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं.

"कुणाची वाट बघतेस गं?"

"पायवाल्या माणसाची," ती म्हणाली. "सोमवारपासून उभी आहे. सगळे मेले चाकांवर. मी हात करते, ते हात करतात आणि जातात. फार सभ्य लोक."

"कुणाला द्यायचेत?"

"समोरचीला. नवीन आलीय. दिवसभर पडदे ओढून बसते."

"मग तूच जा की रस्ता ओलांडून."

"गुडघा फाटकापर्यंत येतो. पुढं नाही म्हणतो."

एवढा आवाज होता त्या बाईला, आणि ऐकायला पायऱ्यांवर कुणी नव्हतं; पायऱ्याच नव्हत्या.  मी पिशवी घेतली आणि समोरचं दार वाजवलं. कडेवर तान्हं पोर घेतलेली एक मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनं पिशवीत बघितलं, मग माझ्या खांद्यावरून फाटकाकडे.

"त्या आजींनी दिले? मी रोज बघते त्यांना पडद्याआडून," ती म्हणाली. "वाईट वाटतं हो. किती वाट बघतात, आणि त्यांना भेटायला कुणी येतच नाही. कोण यायचं असतं?"

"तू," मी म्हटलं.

 एका पायात सपात, दुसरा अनवाणी, तशीच पोराला घेऊन ती रस्त्यावर उतरली.

"अगं सावकाश!" समोरून मावशी ओरडली. "आणि वारा केवढा सुटलाय, पोराच्या डोक्याला टोपी कुठाय?"