वन्संनी न वाचलेला कागद

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, प्रयोगशाळेत सगळे ‘शिंपल्यांची आई’ म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, पण खोटं नव्हतं ते. बावीस वर्षं त्यांनी समुद्रातल्या शिंपल्यांची पिल्लं वाढवली, डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशी. त्यांचं पाणी, खाणं, टाक्या घासणं, सगळं वन्संकडे. घरात मी तापाने फणफणले तरी वन्संच्या लक्षात यायचं नाही. टाकीचं पाणी जरा कोमट झालं की मात्र काचेला हात लावताच कळायचं.

तिथले साहेब विद्यार्थी म्हणून आले तेव्हा त्यांना काम वन्संनीच शिकवलं. पोरगा डबा विसरला की वन्संच्या डब्यातला अर्धा त्याला. पुढे तो खुर्चीवर बसला, तरी घरी यांच्या तोंडी ‘आमचं बाळ’च.

गेल्या वर्षी या बाळाने एक प्रयोग काढला. एका टाकीत प्लास्टिकची भुकटी, इतकी बारीक की कुठल्याच गाळणीत अडकत नाही. दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. भुकटीतली पिल्लं तीच गिळायची, पोट भरल्यासारखं होऊन खाणं सोडायची, कवचं वाकडी व्हायची आणि मरायची. ते ठरल्याप्रमाणेच झालं. पण स्वच्छ टाकीतलीही मेली, आणि प्रयोगाचा पार बोऱ्या वाजला.

प्रत्येक टाकीला घासायचा ब्रश वेगळा, हा तिथला पहिला नियम. सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाईंनी ब्रशांची अदलाबदल केली. वन्सं “माझ्या हातून हे होणारच नाही,” एवढंच म्हणत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच शोध लावला. टाक्यांचं पाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या पाइपातून यायचं. तो पाइप साहेबांनीच बसवून घेतला होता, भर उन्हात. वन्संनी काही बरण्यांत पाइपात शिरण्याआधीचं पाणी भरलं, काहींत पाइपातून आलेलं, आणि सगळ्यांत पिल्लं सोडली. आठवड्याने पहिल्या बरण्यांतली पिल्लं गरागरा फिरत होती, दुसऱ्यांतली तळाशी मरून पडली होती. पाइपच उन्हाने झिजून पाण्यात उतरत होता.

बरण्या घेऊन त्या आनंदाने साहेबांकडे गेल्या. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पानांचा कागद आणला आणि शेवटचं पान पुढे केलं. बरण्यांची नोंद आहे, म्हणाले, सही करा. रोजची पाण्याची नोंद तशीच व्हायची, साहेब लिहायचे आणि या न वाचता सही ठोकायच्या. तशीच ठोकली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, दोन्ही टाक्यांना मी एकच ब्रश वापरला.

चौकशी झाली. मी घसा फोडून सांगितलं होतं, सही खोटी आहे म्हणा. या कसल्या म्हणतायत! “सही माझी आहे. ब्रश मी कधी बदलला नाही,” एवढंच बोलल्या. लोकांनी सही धरली, त्यांचं बोलणं सोडून दिलं. पाइपाचं दाखवावं तर तोवर बरण्या धुऊन ठेवल्या गेल्या होत्या. वन्संना घरी बसवलं, आणि पुढच्याच आठवड्यात गच्चीवरचा पाइप गुपचूप बदलला. मेल्यांनो, ब्रशाचा दोष होता तर पाइप कशाला बदललात? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वन्सं रडल्यासुद्धा नाहीत. फक्त म्हणाल्या, “परक्याने पुढे केलं असतं तर मी वाचलं असतं गं.”

दोन महिन्यांनी भर दुपारी साहेबांचा फोन. नवीन बाई ठेवलीय, पण पिल्लं जगत नाहीत. तुम्ही नेमकं काय करायचात, ते सांगा. मी खुणेने म्हटलं, आपटा तो फोन. पण पिल्लांचा काय दोष, म्हणून वन्सं सांगत बसल्या, पाणी किती हळू बदलायचं, खाणं कधी घालायचं, सगळं. साहेब लिहून घेत होते. शेवटी आवाज बारीक करून म्हणाले, ताई, मनात काही ठेवू नका.

वन्संनी विचारलं, “लिहून झालं?”

झालं, म्हणाले.

“मग आता मला वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून.”

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग साहेब वाचायला लागले, आणि वन्सं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसल्या.