आजी की आत्या

आमच्या घराण्यात मामाशी लग्न करायची पद्धत होती. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पुण्याहून नव्याने आलेल्यांना सांगितलं की ते हातातला कप खाली ठेवतात. माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या धाकट्या मामाशी झालं. त्यामुळे आईची आई ही माझ्या वडिलांची मोठी बहीण, म्हणजे माझी आजी आणि आत्या एकच. लहानपणी तिच्याकडे दोन नात्यांनी दोन फ्रॉक मागायची सोय होती. मिळायचा एकच.

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, एक्कावन्नाव्या वर्षी छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मी तिच्याहून चार वर्षांनी धाकटी. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी विभाग बघते. दिवसभर शाफ्ट मोजायचे आणि नापास माल बाजूला काढायचा. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की हे रक्तातून आलेलं असेल तर माझ्यातही आहे का.

अक्काच्या सर्जनना मी तसं विचारलं. हाताला यश असलेला माणूस, पण बोलायचे ते दाराकडे बघून. त्यांनी अक्काने पहिल्या दिवशी भरलेला फॉर्म काढला. आईकडचे नातेवाईक या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘आजी, पोटाचा आजार’. वडिलांकडचे या रकान्यात, ‘आत्या, पोटाचा आजार’. अक्का फॉर्म नेहमीच मन लावून भरते.

“दोन वेगळ्या बाजूंच्या दोन बायका, आणि दोघींनाही पोटाचं काहीतरी,” सर्जन म्हणाले. “छातीशी याचा काय संबंध? जनुकांच्या चाचणीची गरज नाही.”

“दोन नाहीत, डॉक्टर. बाई एकच आहे.”

मी नातं समजावून सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “मग तर एकच केस झाली,” ते म्हणाले. “मग अजिबातच गरज नाही. आणि कळून तरी काय करणार? उगाच टेन्शन.”

आजी दोन होत्या तेव्हा गरज नव्हती आणि एक झाली तेव्हाही नव्हती. आमच्याकडे एक शाफ्ट तुटल्यावर त्याच लॉटमधला दुसरा मी न मोजता पाठवला असता, तर मला घरी बसवलं असतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. तीन वेळा गेले तेव्हा कुठे त्यांनी पीडा टळावी म्हणून हॉस्पिटलातल्याच जनुक-सल्लागाराच्या नावाने चिठ्ठी दिली.

ती सल्लागार म्हणजे तळघरात बसणारी नागपूरची एक मुलगी. मराठी ऐकून तिला माहेर भेटल्यासारखं झालं. तिने आमच्या घराण्याचा नकाशा काढायला घेतला. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आजारी माणूस काळा करायचा. आई-वडिलांपर्यंत ठीक चाललं होतं. तिथून एक रेघ वर जाऊन पुन्हा आमच्याच गोलात उतरायला लागली.

“मॅम, एक मिनिट हं. म्हणजे तुमचे बाबा तुमच्या आईचे... ओके. ओके.” तिने तीनदा खोडलं. कागदाला भोक पडलं. मग नवा कागद घेऊन ती म्हणाली, “म्हणजे दोन्ही बाजूंनी येऊ शकतं. आजींना एक्झॅक्टली काय झालं होतं? ओव्हरीचा कॅन्सर असेल तर पूर्ण केसच बदलते, कारण ओव्हरी आणि ब्रेस्ट दोन्हींचा कॅन्सर एकाच जीनमुळे येऊ शकतो. मग आधी ताईंची टेस्ट करायलाच पाहिजे, त्यांच्या ट्रीटमेंटमध्येही फरक पडेल. त्यांच्यात काही सापडलं तर तेच तुमच्यात शोधायचं.”

घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की आजीच्या पोटात पाणी झालं होतं. आई-वडील दोघंही हृदयविकाराने गेलेले. खरं माहीत असणारा एकच माणूस उरला होता, जयनगरातले आमचे घरचे डॉक्टर. वय ऐंशीच्या पुढे, तरी रोज सकाळी दोन तास दवाखाना उघडतात.

त्यांच्या दवाखान्याचा एक नियम होता. बाईला काही गंभीर निघालं की डॉक्टर म्हणायचे, “वजन करून ये गं.” ती काट्यावर उभी असेतो आत नवऱ्याला किंवा मुलाला खरं सांगितलं जायचं. बाई घरी जायची ती फक्त वजन कळून.

मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “घरातून कोण आलंय?”

“मीच आलेय.”

“नवऱ्याला पाठव. त्याला सांगतो.”

माझं डोकं फिरलं. “आजीला जाऊन पस्तीस वर्षं झाली, डॉक्टर. आता कुणाला वजन करायला पाठवणार?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “अंडाशयाचा कॅन्सर. तुझ्या आजोबांना शब्द दिला होता. तुझ्या दोन मावश्यांची लग्नं व्हायची होती, म्हणून कागदावर यकृत लिहिलं.”

“त्या मावश्यांना नातवंडं झाली.”

“कुणी विचारलंच नाही गं. आणि तू तरी हे आता कशाला उकरतेस? अक्काची मुलगी लग्नाची आहे. आधी ते होऊ दे.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?” मी म्हणाले. आमचे गोवर, टायफॉइड, बाळंतपणं सगळं त्यांनीच पार पाडलं; माणूस सोन्यासारखा. तरी मला त्यांचा राग आला आणि तो अजून आहे. त्यांनी लेटरहेडवर आजाराचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

सर्जननी तो कागद वाचला आणि मला म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलं?” मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, पण अक्काच्या चाचणीसाठी त्यांची सही हवी होती.

अक्काचं रक्त तपासणीला गेलं. जनुकात दोष सापडला. तिची अंडाशयंही काढायची ठरली. मग माझं रक्त तपासणीला गेलं. रिपोर्ट यायच्या आतच मी स्वतःला नापास करून टाकलं होतं. रजेचा अर्ज लिहून झाला, कपाटाच्या किल्ल्या नवऱ्याला दाखवून झाल्या, ऑपरेशन कुणाकडे करायचं तेही ठरलं. अक्काला आहे म्हणजे मलाही असणार, यात मला कुठेतरी बरंसुद्धा वाटत होतं.

माझ्यात दोष निघाला नाही.

“मॅम, काँग्रॅट्स!” नागपूरची मुलगी म्हणाली. मी तिचे आभार मानले आणि रिक्षाने थेट अक्काकडे गेले. सुटले याचा आनंद होत होता आणि त्याची भयंकर लाज वाटत होती. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा मोडलं.

अक्का डोक्याला रुमाल बांधून अवरेकाळू, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसली होती. तिने मान वर करून एकदाच बघितलं.

“रिपोर्ट चांगला आला ना?”

“तुला कसं कळलं?”

“वाईट असता तर दारातूनच मला धीर द्यायला लागली असतीस. तोंड बघ किती उतरलंय. सरी, ठीक आहे, बस. स्वल्प सोलायला घे.”

मला रडू फुटलं. दोन-चार मिनिटं तिने रडू दिलं, शेंगांचं ताट तेवढं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “झालं? आता तू समजाव माझ्या मुलीला नीट, तिलाही ही टेस्ट करायला हवी. मला मध्येच रडू येईल.”

आणि तिने आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेल्या आपल्या मुलीला हाक मारली, “अगं, कॉल बंद कर आणि बाहेर ये. मावशी तुला काय सांगतेय ते ऐक.”