मस्की आणि मराठी आठ

माझा मेहुणा शिरीष चांगला माणूस आहे, फक्त बोटीत बसेपर्यंत.

कॅनडात, ब्रॉसार्डला घर घेतल्यावर त्याने बोट घेतली, आणि बोट घेतल्यावर त्याला शिष्य हवासा झाला. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी आणि मेधा (माझी बायको, त्याची मोठी बहीण) त्याच्याबरोबर सेंट लॉरेन्स नदीत मस्की पकडायला गेलो. मस्की म्हणजे माणसाच्या कमरेएवढा लांब, मगरीच्या तोंडाचा मासा. त्याला फसवायला ल्यूर, म्हणजे लाकडाचा नकली मासा, पाण्यातून ओढायचा.

"भाऊजी, हा ग्लायडर. हलकी टिचकी द्यायची, दोरी सैल सोडायची. तो डावीकडे सरकतो. पुन्हा टिचकी, की उजवीकडे."

मी टिचकी दिली. ल्यूर पाण्याबाहेर उडून बोटीवर आपटला.

"टिचकी म्हटलं मी. विहिरीतून बादली नाही काढायचीये."

मेधा हसली. माझं डोकं तिथून फिरायला लागलं.

"बरं, हा डायव्हर घ्या. ओढला की बुडी मारतो, थांबलं की आपोआप वर येतो."

मी ओढला. "इतक्या जोरात नाही." मी थांबलो. "इतकं नाही थांबायचं." ऑफिसात माझ्या हाताखालचे लोक मला विचारून सुट्टी घेतात, आणि हा (ज्याला मी सायकल शिकवली!) मला दोरी ओढायला शिकवत होता.

तेवढ्यात माझ्या ल्यूरमागे एक लांबलचक सावली आली.

"मस्की," शिरीष कुजबुजला. "थांबू नका. रॉडचं टोक पाण्यात घाला आणि पाण्यातच आठचा आकडा काढा."

मी दात-ओठ खात, पण वळणदार आठ काढला. मासा क्षणभर थांबला आणि निघून गेला.

"हे काय काढलंत?"

"आठ."

"हा मराठी आठ आहे, भाऊजी. तो उघडा असतो. इंग्रजी आठ काढायचा, ल्यूर फिरत राहिला पाहिजे."

"तू मराठीत सांगितलंस, मी मराठीत काढला!"

संतापाने मी रॉड असा झटकला, की ल्यूर उडून थेट माझ्या पॅन्टमध्ये रुतला. पुढून. (कातडी वाचली.) ल्यूरचे गळ काही केल्या निघेनात. शिरीषने कात्री काढली.

"कापू नकोस, नवी पॅन्ट आहे."

"मग असेच घरी चला."

त्याने तळहाताएवढं कापड कापून काढलं. तोवर मेधाने त्याचा रॉड उचलून ल्यूर दूर फेकला होता. हलक्या टिचक्या देत तिने तो बोटीपाशी आणला, शांतपणे इंग्रजी आठ काढला, आणि पाणी उसळलं. तोच मस्की होता की दुसरा, देव जाणे, पण तो तिच्या गळाला लागला.

मासा परत पाण्यात सोडून देण्याआधी फोटो काढायचा होता. "तू धर," मेधा मला म्हणाली. "आडवा. अजून खाली. हां, आता झाकलं."

पुण्याला सासऱ्यांनी तो फोटो हॉलमध्ये लावलाय. आल्या-गेल्याला अभिमानाने सांगतात, जावयाने पकडला. मी अजून खरं सांगितलेलं नाही. सांगितलं, तर मासा मी इतका खाली का धरलाय, हेही सांगावं लागेल.