घरी न पोचलेला मिक्सर आणि इतर गिऱ्हाइकं

दुकानातला माल विकला की निघून जातो, किस्से मात्र साठत राहतात. ऐंशीच्या दशकात मी बोईसरला जयंतीकाकांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सेल्समन होतो. वस्तू हातात पडली की माणूस खूश होतो, असं मला तेव्हा वाटायचं.

तारापूरच्या एका कापड कारखान्यात रामसूरत नावाचा कामगार लूम चालवायचा. त्याला टेपरेकॉर्डर हवा होता. तेवढे पैसे जमायच्या आधीच तो कॅसेट घ्यायला लागला. खोलीवर बसून कव्हरवरची गाण्यांची नावं वाचायचा म्हणे. खाडा नाही, मिळेल तो ओव्हरटाइम करायचा. शेवटी टेप घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुटली की थेट खोलीवर! थोड्याच दिवसांत त्याचा सुपरवायझर दुकानात हजर. टेप बिघडला असेल, असं मला वाटलं. तो काकांना म्हणाला, "सेठजी, उसको अब टीवी दिखाओ."

मुरबे गावच्या हिराबाई बाजारात सुके बोंबील विकायच्या. त्यांनी मिक्सर घेतला, सगळे पैसे चुकते केले आणि तो शोकेसमध्येच ठेवायला सांगितला. मग दर बाजाराला एखादी शेजारीण आणून काचेतून दाखवायच्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मावशी, नेत का नाही, असं मी शेवटी विचारलं. त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"घरी नेला का जुना होल ना रं."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांच्या सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं.

डोंगराकडच्या एका पाड्यावरचे लहानू वीटभट्टीचं काम संपवून गावी परतताना छताचा पंखा घेऊन गेले. पाड्यावर वीज नव्हती. मोठ्या तारा डोक्यावरून शहराकडे जायच्या, पण खांब काही आले नव्हते. आत्ताच नका घेऊ, असं मी सांगून पाहिलं. वीज आज ना उद्या येणारच, म्हणाले.

भातकापणीच्या दिवसांत त्या बाजूला काम निघालं, म्हणून भर दुपारी मी त्यांच्या घरी डोकावलो. वीज आली नव्हती. पंखा मात्र आढ्याला टांगलेला, पाती पुसून लख्ख. अंगणात झाडाखाली जरा वारा होता, मी तिथेच टेकत होतो. लहानूंनी हाताला धरून मला आत नेलं, तिथे झोपलेल्या पोरांना उठवलं आणि चटई झटकून पुन्हा अंथरली.

"तुमी पाहुणे. पंख्याखाली बसा."