सावकाश, किझाया

किझाया ब्रॉडनॅक्स माझी लहानपणापासूनची मैत्रीण. ती कुत्र्यांना घाबरत नाही, वादळाला घाबरत नाही. लोक गप्प बसले की घाबरते.

दोष अमेरिकेतल्या डरहॅमच्या आमच्या काळ्या लोकांच्या चर्चचा. शाळेचा निकाल लागला की रविवारी पोरांनी सगळ्यांसमोर आपले गुण वाचायचे, ही तिथली रीत. पोर अडखळलं की बाकांवरून हाका येतात, "सावकाश, बाळा! घाई कुणाला आहे?" नऊ वर्षांची किझाया एकदा विज्ञानाच्या ओळीवर अडली. अख्खं चर्च मदतीला धावलं. अर्धे लोक तर भलताच विषय ओरडत होते.

मग ती विद्यापीठात गेली. गणित विभागात काळी मुलगी ती एकटीच. पहिलं सादरीकरण दहा मिनिटांत आटपून, कागदांची घडी घालून बाहेर आली.

"बोंबललं सगळं," ती म्हणाली.

"कोण काय बोललं?"

"कुणीच काही बोललं नाही. म्हणून तर!"

तिला 'ए' ग्रेड मिळाली. तिचा विश्वास बसला नाही. "दया आली असेल."

"गणितात?"

"तुला नाही कळायचं. त्यांना आधी मी दिसते, मग माझं गणित."

विभागात बोलायला तिने एक वेगळा आवाज तयार केला होता. गुळगुळीत, परका. एकदा त्याच आवाजात तिने घरी फोन केला. आईने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

चौथ्या वर्षी प्रबंध सगळ्यांसमोर मांडायचा होता. तो जमला तर विशेष सन्मान आणि पीएचडीची जागा. किझायाने नाव मागे घ्यायचं ठरवलं. मी ते तिच्या व्हर्लिन मावशीला सांगितलं. मुद्दाम.

मावशी चर्चमध्ये लोकांना जागा दाखवतात. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे. प्रार्थना चालू असताना बाकीचे ओरडले तरी आपण बोलायचं नाही, बोटांनी खुणा करायच्या, हा त्यांचा नियम. तीस वर्षांत तो मोडलेला नाही.

"मी येणार," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तिथे कुणी हूं का चूं करत नाही," किझाया म्हणाली.

"मग मी कधी करते?"

त्या आल्या. गणवेशात, जागा दाखवणाऱ्या आणखी चार जणींना घेऊन. खुर्च्या रिकाम्या असूनही पाचही जणी मागच्या भिंतीशी ताठ उभ्या. साठीचे प्राध्यापक विनवायला उठले, "बसा ना." मावशींनी एक बोट त्यांच्या खुर्चीकडे केलं. ते बसले.

विषय होता गाठींचं गणित. मी साहित्य शिकलेय. मला एवढंच कळलं की तिसऱ्या फळ्यावर उत्तर जुळेना. खडू थांबला. हॉल गप्प. किझायाचा हात टेबलावरच्या कागदांकडे गेला. तिने पहिली घडी घातली.

"सावकाश गं पोरी! घाई कुणाला आहे?"

मी मागे वळले. व्हर्लिन मावशी. बाकीच्या चौघी त्यांच्याकडे बघत होत्या.

किझाया हसली. "मला आहे, मावशी! हॉल तीन वाजेपर्यंतच दिलाय."

तो तिचा घरचा आवाज होता. तिने कागद उलगडले. पहिल्या फळ्यापासून एकेक ओळ बोटाने तपासली. दुसऱ्या फळ्यावर वजाबाकीचं चिन्ह सुटलं होतं. ते घातलं आणि त्याच आवाजात शेवटपर्यंत बोलली.

नंतर प्राध्यापक मावशींना म्हणाले, "आम्ही गप्प होतो, कारण हिच्यामागे पळताना आमचीच दमछाक होत होती."

"मग तसं सांगायचं की, लेकरा," मावशी म्हणाल्या. "चार वर्षं पोर घाबरतेय."

पुढच्या रविवारी बावीस वर्षांची किझाया चर्चमध्ये शाळकरी पोरांच्या रांगेत उभी राहिली. विद्यापीठाचं पत्र खणखणीत वाचत गेली. "विशेष सन्मान" या शब्दांपाशी येऊन थांबली. ते पत्र तिला पाठ होतं. मला तिने फोनवर चारदा ऐकवलं होतं.

ती नुसती उभी राहिली आणि बाकांकडे बघत राहिली.

"सावकाश, बाळा!" अख्खं चर्च ओरडलं.

व्हर्लिन मावशी दाराशी होत्या. तोंड बंद. पांढरे हातमोजे मात्र दोन्ही हवेत.