वर्गोन्नत

मालवणच्या बंदरात बोट लांब उभी राहायची, तिच्यापर्यंत होडीने जावं लागे. आठवीसाठी मुंबईला निघालेल्या मला होडीत बसवताना बाबांनी एवढंच ऐकवलं. "पास झालंस तर शालूक धाडतलंय. नायतर दोघी घराक ऱ्हवा." शालू माझी धाकटी बहीण. ती आईचा पदर धरून उभी होती. तिचं पुढचं शिक्षण माझ्या निकालावर टांगलंय, याची तिला कल्पना नव्हती. मला होती.

आमच्या शाळेबद्दल मुंबईत सांगितलं तर कोणाला खरं वाटत नसे. सात इयत्ता, दोन खोल्या आणि एक गुरुजी. दुसरे गुरुजी बोर्डाकडून येणार, येणार म्हणता म्हणता माझी सातवी झाली. गुरुजी एका खोलीत असले की दुसऱ्या खोलीत मोठ्या मुलींनी लहानांना शिकवायचं. सहावीत असताना मी तिसरीचे पाढे घेत असे, शुद्धलेखन तपासत असे. माझी स्वतःची भूमिती मात्र कच्चीच राहिली, आणि इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. तुमच्यापैकी जे अशा शाळेत शिकले त्यांना हे सांगायला नको.

मामा गिरणीत होते. लालबागच्या त्यांच्या खोलीत आम्ही नऊ जण राहत होतो. शाळा परळला. पहिल्याच आठवड्यात बाई काही कामासाठी वर्गाबाहेर गेल्या आणि मी सवयीने उठून फळ्यापाशी उभी राहिले. "गप बसा, पाट्या काढा," म्हटलं. आठवीच्या मुली हसून हसून बाकांवर लोळल्या. पाटी कोणाकडेच नव्हती. वर्षभर मला सगळ्या 'बाई'च म्हणायच्या.

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. हरताळ, संचारबंदी, गोळीबार. शाळा किती दिवस भरली आणि किती दिवस बंद होती, आठवत नाही. मामा मोर्चाहून परतले की मामी आधी त्यांचं डोकं चाचपून बघायची. मी दारात बसून स्पेलिंगं घोकत असे. खरं सांगायचं तर मला मराठी राज्यापेक्षा इंग्रजीच्या पस्तीस मार्कांची काळजी जास्त होती. हे तेव्हा बोलायची सोय नव्हती.

मार्क पडले एकवीस. बाकीचे विषय निघाले. वर्ष असं विस्कटलेलं, म्हणून एका विषयात गेलेल्यांना शाळेने वर चढवलं. प्रगतिपुस्तकावर 'पास' नव्हतं, 'नापास'ही नव्हतं. लाल शाईत लिहिलं होतं, 'वर्गोन्नत'. मामा म्हणाले, "चढवल्यानी मा वर? मग झाला!" पण बाबांनी चढवण्याचं नाव काढलं नव्हतं. त्यांनी पास म्हटलं होतं.

मे महिन्यात घरी गेले. बाबांना वाचता बेताचंच यायचं. त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं, 'पास' शोधलं आणि गुरुजींना बोलावणं धाडलं. गुरुजींनी ओसरीवर बसून चष्मा लावला. त्यांनी इंग्रजीचे एकवीस पाहिले, हे मी पाहिलं. शालू त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"पास खंय लिवलाहा?" बाबांनी विचारलं.

"पास सगळेच होतात हो," गुरुजी म्हणाले. "ही वर्गोन्नत झाली. उन्नत म्हणजे वर गेलेली. पासाच्याही वर."

एका ऱ्हस्व-दीर्घासाठी छडी मारणारा माणूस तो. बाबांनी आईला गूळपाणी आणायला सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

जूनमध्ये शालू मुंबईला आली. ती पास होतच गेली, कधीही वर्गोन्नत झाली नाही. पुढे कॉलेजात गणित शिकवू लागली. मीही दहा-बारा वर्षं शाळेत शिकवलं. त्या ओसरीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिला काही माहीत नाही असंच मी धरून चालले होते.

आता गावच्या घराला कुलूप आहे. गावाची आठवण येते का, असं कोणी विचारलं की मी आंबे-फणस सांगते, लोकांना तेच ऐकायचं असतं. गुरुजी गेल्याचं पत्र आलं ते शालूच्या दादरच्या घरी, मी तिथे असताना. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि इतक्या वर्षांनी गावच्या बोलीत म्हणाली, "पासाच्या वर काय एक नसता, नाय गो ताई?"

"नाय," मी म्हटलं.