पऱ्याचं पाणी सड्यावर

पाणी वरून खाली वाहतं, एवढंच आमच्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं. ते खालून वर चढवायचं तर त्याला फसवावं लागे, आणि ते काम माझ्याकडे होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गणितात बीएस्सी झाल्यावर मुंबईला मावशीकडे राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, रत्नागिरीला परत आले आणि पाणीयोजनांचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या कचेरीत लागले. कचेरी म्हणजे एका घराच्या माडीवरच्या दोन खोल्या. साहेब कोल्हापूरकडचे, पोट हलवून हसणारे इंजिनिअर. मुंबईच्या मित्राकडून त्यांनी नदीच्या पाण्याचा हिशेब करणारा एक प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणला होता. त्यात नदी म्हणजे एका रेषेवरचे ठिपके. वरच्या ठिपक्यातलं पाणी खालच्यात यायचं, महिन्यामागून महिना, आणि कुठे किती उरलं ते पडद्यावर हिरव्या आकड्यांत दिसायचं.

आतल्या भागातल्या एका गावाचं काम आमच्याकडे आलं. तिथली खालची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. पऱ्यावर बंधारा, बंधाऱ्याच्या पाण्यावर भाजीचे वाफे. वरची वाडी सड्यावर, नुसत्या कातळावर. दिवाळी सरली की वरच्या बायका पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून पऱ्यावर येत आणि भरले हंडे घेऊन परत चढत. बंधाऱ्यावर पंप बसवून सड्यावरच्या टाकीत पाणी नेता येईल का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

मी खालच्या ठिपक्यावर पाण्याचं एक खोटं गिऱ्हाईक बसवलं. त्याने उचललेलं पाणी सड्यावरच्या टाकीत, जणू तिथे पाऊस पडला असं दाखवून ओतलं. प्रोग्रॅमने मुकाट्याने मान्य केलं.

"झ्याक!" साहेब खूश झाले. "चढावर पाणी पळवलंसा की!"

पण उत्तर काही झ्याक आलं नाही. माघ सरायच्या आतच बंधारा कोरडा पडत होता. आकडे तपासले, पुन्हा चालवून पाहिलं, तरी तेच. साहेबांचा चेहरा उतरला.

"पऱ्याला दमच न्हाई म्हणायचा. न्हाई म्हणून कळवू. पण कागदावर नको, जाऊन सांगू."

आम्ही जीपने गेलो. देवळाच्या मंडपात दोन्ही वाड्या जमल्या होत्या. साहेबांनी आकड्यांचा लांबलचक कागद उलगडला, तसा तो पायऱ्यांवरून घरंगळत अंगणात गेला. तो पाहायला एक कुत्रं तेवढं पुढे आलं.

खालच्या वाडीतले एक काका उठले. मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झालेले. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवायची सवय तशीच राहिलेली. "मी सांगत व्हतो! पंप आला की आमचा पऱ्या आटनार!"

"आनि आमी हंडेच वाहायचे काय जनमभर?" वरच्या वाडीची एक बाई बसल्या जागेवरूनच ओरडली.

मग कोण काय बोलतंय ते कळेना. एवढ्या लोकांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "भांडू नका. आपण करूनच बघू या ना."

देवळातलं मोठं घंगाळ मागून घेतलं; तो बंधारा. पायऱ्यांच्या वर एक टोप ठेवला. ती सड्यावरची टाकी; तिच्यातून दर महिन्याला एका पोराने वरच्या घरांसाठी पाणी काढून घ्यायचं. एक आजी कळशी घेऊन पऱ्या झाल्या. दर महिन्याला त्यांनी घंगाळात आधीपेक्षा थोडं कमी पाणी ओतायचं. वरच्या वाडीच्या बायकांना मी खालचे वाफे केलं. महिन्याला एक पेला पाणी त्यांचं. आणि काकांच्या हातात तांब्या दिला.

"काका, तुम्ही पंप."

"मी?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. लोक हसायला लागले, तसे त्यांनी लेंगा वर खोचला आणि कामाला लागले.

कार्तिक झाला, मार्गशीर्ष झाला. काका तांब्या भरून पायऱ्या चढत होते, ओतत होते, धावत खाली येत होते. पौषात टोप भरून वाहू लागला, तरी काका ओततच होते. इकडे घंगाळाचा तळ दिसायला लागला.

"अवो, थांबा की!" त्यांची बायकोच ओरडली. "आपलं वाफं सुकलं!"

काका धापा टाकत म्हणाले, "मी पंप हाय. मला कोनी थांब म्हटलंय काय?"

मंडप हसून हसून लोटपोट झाला. मीही हसले, आणि हसता हसता साहेबांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते. आमच्या प्रोग्रॅममधल्या पंपालाही थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा दर महिन्याला ताकदीइतकं पाणी उचलत होता. टाकी भरून ते सड्यापलीकडे सांडत होतं. पऱ्याला दम होता. पंपालाच आवर नव्हता.

खेळ पहिल्यापासून मांडला. टोप भरला की काकांनी थांबायचं, आणि घंगाळातलं पाणी एका रेघेखाली गेलं तरी थांबायचं. रेघ कुठे ओढायची यावर नवं भांडण जुंपलं. वाफे झालेल्या बायका घंगाळाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. "येवढं आमच्या भाजीला ठेवायचं म्हंजे ठेवायचं!" मग त्यांच्याच लक्षात आलं की भाजी खालच्या वाडीची आहे, आणि त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. कुणीतरी डबीतला चुना बोटावर घेऊन घंगाळाच्या आत रेघ ओढली. ती दोन्ही वाड्यांना पटली. पाणी वैशाखापर्यंत पुरलं, अगदी काठावर, पण पुरलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्या दोन अटी प्रोग्रॅमला घातल्या. हिरवे आकडे एकेक महिना उतरत गेले, पण शून्यावर आले नाहीत. साहेबांनी खाली जाऊन स्वतः गरम भजी आणली आणि योजना होण्याजोगी आहे असं आम्ही कळवलं.

पुढे ती झालीही. सड्यावर पाणी चढलं त्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. नळातून आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग लालभडक गढूळ पाणी आलं. कुणी नाक मुरडलं नाही. एका बाईने ओंजळ धरली, चूळ भरली आणि म्हणाली, "गोड हाय."

साहेबांनीही ओंजळ पुढे केली. त्यांना ते गोड लागलं नसावं; दातांत माती करकरत होती. पण हसण्याने त्यांचं पोट हलत होतं.